तळघर आणि टेकडी



वाइनच्या तळघरात चित्रप्रदर्शन म्हटले, की आपल्या मराठी मंडळातल्या अनेकांच्या कपाळाला आठी पडते. चित्रे कलादालनात शोभतात, फार तर आपल्या गणेशोत्सवाच्या सभागृहात, असे आपण ठरवून टाकलेले असते. पण सभागृहात चित्रे पाहतो कोण? आपणच. ज्या परमुलखातल्या गावात आपण राहतो, त्या गावाने आपल्या कलावंताकडे पाहावे असे वाटत असेल, तर गाव जिथे आधीच जाते तिथे कलावंताने जायला हवे. याचा दाखला माळव्यात, पवार राजांच्या धार-देवास संस्थानांत सापडतो. वसईत १८८४ साली जन्मलेले शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांनी गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा घडवला. असा नावाजलेला माणूस मुंबई सोडून धारला गेला आणि त्याचा स्टुडिओ खांडेराव टेकडीवर थाटला गेला. देवासला गायक कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात हवापालटासाठी आले. गाणे थांबले होते, पण कान उघडे होते. घरादारांतून, सणावारांतून ऐकू येणाऱ्या माळवी लोकगीतांनी त्यांच्या पुढच्या गायकीला वळण दिले. ती गाणी कोणत्याही मैफलीतली नव्हती.

यावर कोणी म्हणेल, धारचे राजे मराठी होते, फडक्यांना राजाश्रय होता. आपल्याला इथे कोण विचारतो? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, तरी फडके धारचेच राहिले. त्यांना पद्मश्री मिळाली ती १९६१ साली. आश्रय संपल्यावरही नाते उरले, कारण तोवर ते गावाचे झाले होते. दुसरा आक्षेप मद्याचा. ज्यांना तिथे पाऊल टाकायचे नाही, त्यांच्या भावनेचा मान राखावा. पण द्राक्षाच्या मुलखात तळघर म्हणजे गुत्ता नव्हे. ती पिढ्यान्पिढ्यांच्या शेतीची कोठी आहे. तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: चित्रे बाटल्यांच्या विक्रीची सजावट होतील. होऊ शकतात, म्हणूनच अटी आधी ठरवाव्यात. चित्राशेजारी चित्रकाराचे नाव आणि स्थानिक भाषेतला परिचय असावा, विक्रीतला वाटा लेखी असावा आणि मुलांना नेता येईल अशी दुपारची वेळ मागून घ्यावी.

जागेचा स्वभावही ओळखावा लागतो. बुचे सुकू नयेत म्हणून तळघराची हवा थंड आणि दमट ठेवतात. वाइनला ती मानवते, कागदाला बुरशी आणते. म्हणून जलरंगांची चित्रे तिथे फार दिवस टांगू नयेत. ब्राँझ, दगड, भाजलेली माती यांना मात्र ती हवा सोसते. अंधाऱ्या कमानीखाली एका बाजूने पडलेल्या उजेडात शिल्पाचा उठाव जसा दिसतो, तसा पांढऱ्या भिंतींच्या दालनात क्वचितच दिसतो. जागेची अडचण कलावंताने अशी कामाला लावली, तर तडजोड केली असे कोण म्हणेल?

तेव्हा आपल्यातला कोणी कलावंत उद्या असे प्रदर्शन भरवणार असेल, तर मंडळाने नाक मुरडण्याआधी परिचयपत्रकाचे भाषांतर करून द्यावे आणि उद्घाटनाला शेजाऱ्यांना घेऊन जावे. सभागृहातल्या टाळ्या आपल्या माणसांच्या असतात आणि त्या हव्याच. पण बाटली घ्यायला आलेला अनोळखी माणूस शिल्पापाशी थबकला, तर ती दाद आपल्या ओळखीवर मिळालेली नसेल.