लेकरांना बोलायला जागा हवी



गेल्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात नऊ-दहा वर्षांच्या मुलांना सहज विचारले, "इन्स्टाग्रामवर कोण कोण आहे?" निम्म्याहून अधिक हात वर झाले. तिथे खाते उघडायला तेरा वर्षे पूर्ण लागतात, असे सांगताच एक मुलगा निरागसपणे म्हणाला, "टीचर, पप्पांनीच माझं जन्मवर्ष बदललं." त्या दिवशी आमचा धडा खोट्या साक्षीविषयीच्या आज्ञेचा होता!

दोष एकट्या पप्पांचा नाही. मुलाला मित्रांशी बोलायचे आहे आणि त्याच्या वयाची जागाच नाही. मग अशी जागा सार्वजनिक प्रसारण संस्थेने, लोकांच्या पैशातून उभारावी का? माझे उत्तर आहे, होय.

ब्रिटनमध्ये बीबीसी घरोघरच्या परवाना शुल्कावर चालते. 2002 साली तिने सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी सीबीबीसी ही जाहिरातमुक्त वाहिनी सुरू केली. तिच्या संकेतस्थळावर मुले एकमेकांना लिहीत, पण तो मजकूर आधी मोठी माणसे वाचत आणि मगच तो इतरांना दिसे. 2019 मध्ये बीबीसीने 'ओन इट' नावाचे ॲप काढले. मूल कोणाला दुखावणारे काही लिहू लागले, तर पाठवण्याआधी ते त्याला थांबून विचार करायला सांगे.

आपल्याकडेही हे नवे नाही. आकाशवाणीच्या बालकार्यक्रमांना मुले पत्रे पाठवत आणि ती आधी कोणीतरी मोठे माणूस वाचत असे. वाचणाऱ्या माणसाला पगार द्यावा लागतो, आणि खरा खर्च तिथेच आहे. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीचा नफा मूल पडद्यासमोर किती वेळ बसते यावर ठरतो. फेसबुकने मुलांसाठी वेगळे इन्स्टाग्राम काढायचे ठरवले होते, पण टीकेमुळे सप्टेंबर 2021 मध्ये ते काम थांबवले.

ज्यांना मुले नाहीत त्यांनी पैसे का द्यावेत, असे कोणी विचारेल. नगरपालिकेची बालोद्यानेही सर्वांच्याच करातून होतात. दुसरी शंका जास्त गंभीर आहे. आपली प्रसारभारती सरकारी पैशावर अवलंबून आहे, मग मुलांची माहिती तिच्या हाती द्यावी का? म्हणून अट घालावी: टोपणनाव चालेल, फोटो, पत्ता, शाळेचे नाव नको. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. पण कायदा मनाई करतो, खेळायला अंगण देत नाही.

मार्काच्या दहाव्या अध्यायात शिष्यांनी लेकरांना अडवले तेव्हा प्रभु येशू रागावला. त्याने त्यांना जवळ घेतले, आशीर्वाद दिला. लेकरांना नुसते "नको" म्हणणारे आपणही त्या शिष्यांसारखेच आहोत.

पालकांनो, आज मुलाजवळ बसून त्याच्या खात्यावरचे जन्मवर्ष पाहा. खोटे असेल तर ते आपणच लिहिले का, हेही स्वतःला विचारा. आणि खाते बंद कराल, तर त्याच संध्याकाळी त्याच्या मित्रांना घरी बोलवा.

प्रभु आपल्या लेकरांना सांभाळो.