चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?

वरचं वाक्य लिनक्सवाल्यांच्याच तोंडून ऐकलं की माझं डोकं उठतं. अहो, चोवीस तास इंटरनेटला जोडलेलं यंत्र नुसतं 'चालतंय' म्हणून सुरक्षित होत नाही. चोराकडे किल्ली असली तरी कुलूप चालतंच की!

माझा घरचा सर्व्हर म्हणजे शीवाप्लग. 2009 साली आलेला, चार्जरसारखा थेट भिंतीत खोचायचा डबा, मेमरी 512 एमबी. (नाव ऐकून आईने विचारलं होतं, शंकराचं काही आहे का.) फोटो आणि बॅकअप सांभाळणं एवढंच त्याचं काम. त्यावर 2023 चं डेबियन 12 चालतं, म्हणजे चौदा वर्षांनंतरचं. पण कारखान्यातून आलेला यू-बूट त्याला अपुरा पडतो, तो आधी बदलावा लागतो.

इथे भल्याभल्यांचे पाय लटपटतात. जुना बूटलोडर पुसला आणि नवा लिहिण्याआधीच लाईट गेली, तर डब्याची वीट! भीती खरी आहे. म्हणून डबा इन्व्हर्टरवर लावा. मॅक पत्ता आधी वहीत उतरवा, कारण नव्या यू-बूटला तो पुन्हा सांगावा लागतो. एवढं करूनही बिघडलंच, तर त्याच्याच मिनी यूएसबीतून जेटॅगने यू-बूट परत भरता येतो. बनवणाऱ्यानेच तशी सोय करून ठेवली आहे.

आणि इंटरनेटवाल्याने माझ्या गळ्यात मारलेला राउटर? त्यातही लिनक्सच, पण बूटलोडर कंपनीच्या सहीशिवाय दुसरं कर्नल उचलत नाही. कंपनीने अपडेट थांबवले, विषय संपला. पैसे माझे, वीज माझी, मालक ते! टिव्होच्या डब्यांनी हीच खोडी काढली होती. तिला आवर घालायला 2007 च्या जीपीएल 3 मध्ये कलम आलं, पण लिनस टोरवाल्ड्सने कर्नल जीपीएल 2 वरच ठेवलं. माणूस मोठा, पण हा निर्णय मला आजही पटत नाही.

"दोन-तीन हजारांत नवीन मिळतो, घे की," असं सांगणारे आहेतच. नवा घेतला तरी त्याचं बूटलोडर कुलूपबंद असेल तर पाच वर्षांनी पुन्हा तेच रडगाणं.

2025 च्या डेबियन 13 मध्ये शीवाप्लगसाठी तयार कर्नल नाही. हरकत नाही, स्वतः कंपाइल करीन. डबा अडवणार नाही. तुम्ही मात्र पुढचा डबा घेताना सीरियल कन्सोल आहे का, बूटलोडर बदलता येतो का, एवढं विचाराच. दुकानदार वेड्यात काढेल. काढू दे.