सोपाऱ्याचा बाहिय

बडोद्याहून मुंबईला जाताना विरार मागे पडलं की नालासोपारा येतं. आपली गाडी तिथे थांबत नाही आणि आपणही तोवर बॅगा काढायला लागलेलो असतो. हे जुनं सोपारा, पालीत सुप्पारक. मोठं बंदर होतं. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला.

'उदान' या पाली ग्रंथातला बाहिय इथे समुद्राकाठी राहायचा. झाडाच्या सालींची वस्त्रं नेसायचा. लोक मान द्यायचे, भिक्षा आणायचे. हळूहळू त्यालाही वाटू लागलं, आपण पोहोचलो. तेव्हा एका देवतेनं त्याला स्पष्ट सांगितलं, पोहोचला तर नाहीसच, त्या वाटेवरही नाहीस. (असं तोंडावर सांगणारं आपल्याला कोण आहे?) तो न चिडता उठला आणि श्रावस्तीला गेला. बुद्ध भिक्षेला निघाले होते. ही वेळ नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. बाहिय हटेना, कारण कुणाचं आयुष्य किती ते कोणाला ठाऊक? शेवटी रस्त्यातच शिकवण मिळाली. तिचा आशय असा, की जे दिसलं ते दिसण्यापुरतंच राहू दे, ऐकलेलं ऐकण्यापुरतं. त्यात 'मी' घुसवू नकोस. बाहियला तेवढं पुरलं. थोड्याच वेळात वासराच्या गाईनं मारल्यामुळे तो गेला.

मला हे कळायला ऑफिस लागलं. माझ्या कोडवर सीनियरचा शेरा आला, 'हे पुन्हा लिही.' दिसले तीन शब्द. मी मात्र वाचलं, 'तुला काही येत नाही.' संध्याकाळभर मनात उत्तरं रचली, दर पाच मिनिटांनी फोन उघडला, आणि चित्र दाखवायला आलेल्या मुलीवर खेकसलो.

बौद्ध विचारात याची साखळी आहे: स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान. वेदना म्हणजे आपल्या मराठीतलं दुखणं नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली, अशी कुठलीही जाणीव म्हणजे वेदना. तृष्णाही फक्त 'हवं'ची नसते, 'हे नको' ही पण तृष्णाच. शेरा वाचून छातीत धस्स होणं माझ्या हातात नाही, ते झालंच. साखळी तुटायची जागा त्याच्या लगेच पुढे आहे, आणि ती इतकी अरुंद, की मी बहुतेकदा ती ओलांडून गेल्यावरच मला कळतं. तो दुखावलेला 'मी' तर या सगळ्यानंतर येतो आणि आधीपासून इथेच होतो असं सांगतो.

परवा पुन्हा तसाच शेरा आला. धस्स झालं. या वेळी ते होताना कळलं, एवढंच. फोन पालथा ठेवला. मुलीनं हत्ती काढला होता.

"याला पाच पाय कसे गं?"

"बाबा, ती सोंड आहे!"