ठेच्याबरोबर नको, भरिताबरोबर हवी
जालना जिल्ह्यातलं कडवंची द्राक्षमळ्यांसाठी नावाजलेलं. पण ती द्राक्षं मुख्यतः खाण्याची, वाइनची बाटली घरी येते ती बहुधा नाशिककडची. लाल वाइनचा रंग सालीचा. काळ्या द्राक्षाचाही रस सहसा फिकाच निघतो. सालीसकट आंबवला की रंग चढतो आणि जीभ आवळणारा तुरटपणाही उतरतो. ‘खोलीच्या तापमानाला प्या’ हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवायलाच हवी, १६ ते १८ अंशांवर ती खुलते. ठेच्याबरोबर मात्र मुळीच नको! तिखटाने तुरटपणा अंगावर येतो, घशाशी जाळ होतो, फळाची चव मरते. ताटात हवं भाजलेल्या वांग्याचं, दाण्याचं कूट घातलेलं भरीत आणि ज्वारीची भाकरी. त्या स्निग्ध घासावर पहिलाच घोट मवाळ लागतो.