घरातली दुरुस्ती : प्रोजेक्शन टीव्हीचे रंग कुठे गेले?



या वेळचा प्रश्न शारजाहून आला आहे. एका आजोबांकडे कपाटाएवढा जुना प्रोजेक्शन टीव्ही आहे. पूर्वी शेजारीपाजारी मॅच बघायला त्यांच्याकडे जमत. आता त्यावर ते फक्त व्हिडिओ कॅसेट लावतात. लेकीचं लग्न, मुंबईचं घर, आता हयात नसलेली माणसं. पण हल्ली आजींची हिरवी साडी करडी दिसते आणि प्रत्येक माणसाच्या कडेला एक लाल नि एक निळी रेघ उमटते. दुरुस्तीवाला आला, दोन मिनिटं उभा राहिला आणि "फेकून द्या" म्हणाला. आजोबा विचारतात, खरंच फेकू का?

आजोबा, थांबा. आधी दोष नक्की कुठे आहे ते शोधू. पुष्कळ वेळा तो टीव्हीत नसतोच.

पहिलं काम नातवंडांचं. टीव्ही बंद करून फक्त बाहेरच्या वायरी तपासा. पिवळी पिन चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. काही टीव्हींना आणखी तीन भोकं असतात : हिरवं, निळं, लाल. ही तिन्ही चित्राचीच. साफसफाईत कुणी निळी-लाल वायर उलटी लावली, तर माणसांचे चेहरे भलत्याच रंगाचे होतात. लाल रंगाच्या दोन भोकांमध्ये घोटाळा होणं तर नेहमीचंच. एक आवाजाचं, एक चित्राचं. या दुरुस्तीला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट पद्धतीची. भारत, इस्रायल आणि अमिराती, तिन्हीकडे रंगाची जुनी पद्धत पाल, म्हणजे जर्मनीत वॉल्टर ब्रुख यांनी शोधलेली. अमेरिकेची एन्‌टीएस्‌सी, तर सौदी, इराक, इराण, इजिप्त इथे सेकाम होती. म्हणून आखातात विकले जाणारे टीव्ही बहुधा मल्टिसिस्टिम असत, आणि 'दुबईहून आणलेला टीव्ही' म्हटलं की मुंबईत लोक मान डोलावत! पण याच सोयीची एक अडचण आहे. रिमोटवर कुणाचं तरी बोट पडून पद्धत सेकामवर गेली, की पालची कॅसेट काळी-पांढरी दिसते. मेनूत जाऊन 'ऑटो' किंवा 'पाल' करा. अमेरिकेतल्या भावाने पाठवलेली कॅसेट असेल तर मात्र प्लेअरलाही एन्‌टीएस्‌सी वाचता आली पाहिजे.

आणि चॅनेलवर नुसत्या मुंग्या दिसत असतील, तर त्यात टीव्हीचा काही गुन्हा नाही. इस्रायलमध्ये जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण २०११ सालीच बंद झालं. पेटी जोडल्याशिवाय तिथे काही दिसायचं नाही.

तिसरी तपासणी वडीलधाऱ्यांची आहे. रागावू नका, पण आधी डोळे बघा. मोतीबिंदू वाढत जातो तसं डोळ्यातलं भिंग पिवळट, तपकिरी होतं आणि निळा रंग आतपर्यंत कमी पोहोचतो. हे इतकं सावकाश होतं की आपल्याला कळत नाही. आपण टीव्हीला नावं ठेवतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या चित्रांत मोतीबिंदूमुळे तांबूस-पिवळा रंग शिरला होता, १९२३ साली त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा दिवसाच्या उजेडात पांढरा कागद धरा, एक डोळा झाका, मग दुसरा. कागद दोन्हींना सारखा पांढरा दिसतो का? शेजारी नातवाला बसवा आणि त्याला रंग विचारा. त्याला साडी हिरवीगार दिसली, तर टीव्हीवाल्याला फोन करायचा नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. रंग एकाएकी बदलले असतील तर त्याच दिवशी जा.

शारजाच्या आजोबांच्या बाबतीत मात्र ती लाल-निळी रेघ सांगते की टीव्हीतही काहीतरी आहे. ते समजायला आत काय असतं ते पाहू.

साध्या जुन्या टीव्हीत एक मोठी पिक्चर ट्यूब असते. प्रोजेक्शन टीव्हीत तीन लहान, साधारण सात इंची : एक लाल, एक हिरवी, एक निळी. प्रत्येकीपुढे भिंग, मागे मोठा आरसा, आणि तिघींची चित्रं पडद्यावर एकावर एक बसतात. तीन मुलांनी एकच चित्र ट्रेसिंग पेपरवर काढून ते कागद एकमेकांवर ठेवावेत, तसं. एक कागद जरा सरकला की कडेला रेघ दिसते. हाच आजोबांचा आजार. टीव्ही एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे वळवला, किंवा मोठा स्पीकर खेटून ठेवला, तरी चुंबकत्वामुळे हे होतं.

उपाय रिमोटमध्ये आहे. मेनूत 'कन्व्हर्जन्स' नावाची जागा असते. तिथे पडद्यावर फुली येते. हिरवी जागेवर ठेवून लाल आणि निळी बाणाच्या बटणांनी तिच्यावर आणायची. तिन्ही जुळल्या की फुली पांढरी होते. पण टीव्ही लावल्यावर अर्धा तास थांबून हे करा. थंड टीव्हीवर जुळवलेलं गरम झाल्यावर पुन्हा हलतं. आणि फुली जुळतच नसेल, रेघा धनुष्यासारख्या वाकत असतील, तर आतली कन्व्हर्जन्सची चिप गेली. तिचं काम माहीतगार माणसाचंच. नुसतं "फेकून द्या" म्हणणाऱ्याचं नव्हे.

एखादा रंग पूर्ण गेला असेल, तर पांढऱ्या चित्रावरून ओळखा. लाल गेला तर पांढरं निळसर-हिरवं होतं, हिरवा गेला तर राणी रंगाचं, निळा गेला तर पिवळं. कारागिराला फोनवर एवढं सांगितलं तरी तो योग्य तयारीने येतो.

इथल्या हवेतले शत्रू दोन, धूळ आणि उष्णता. मे ते सप्टेंबर घर बंद करून, एसी बंद करून सगळे गावी जातात. टीव्ही तसाच भाजत राहतो. आल्याबरोबर लावू नका, खोली निवू द्या. मागे हवेला वीतभर जागा ठेवा. धुळीने चित्र मंद, धुरकट होतं. (२२ एप्रिल १९९८ ला शारजात सचिनच्या १४३ धावांच्या मॅचमध्ये वाळूचं वादळ आलं, तेव्हा चित्र धुरकट दिसलं असेल तर मात्र टीव्हीला दोष देऊ नका!)

ट्यूब आणि भिंग यांच्यामध्ये थंडाव्यासाठी ग्लायकॉलचा द्रव असतो. वर्षांनुवर्षं तापून तो गढूळ होतो. मग पांढऱ्या अक्षरांभोवती प्रभा दिसते आणि एखादा रंग पुसट होतो. आजींच्या करड्या साडीचं कारण हेच असू शकतं : हिरव्या ट्यूबचा द्रव खराब. तो बदलता येतो. टीव्हीखाली चिकट थेंब दिसले तर मुलांनी हात लावू नये आणि तोंडात तर मुळीच घालू नये. चवीला तो गोडसर असतो, पण विष आहे.

मागचं झाकण कुणीही उघडायचं नाही. आत सुमारे तीस हजार व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही वीज काही काळ तिथे साठून राहते. आरसाही पुसू नका. त्याचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, साध्या फडक्याने ओरखडे पडतात.

हे टीव्ही आता कुणी बनवत नाही. सुटे भाग दुसऱ्या मेलेल्या टीव्हीतूनच काढावे लागतात. म्हणून आजोबा, टीव्ही दुरुस्त होवो न होवो, आधी कॅसेटची कॉपी करून घ्या. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती प्लेअरमध्ये घालू नका, आधी स्वच्छ करून घ्या. दुकानदाराला सांगा की कॅसेट पालची आहे, आणि एक कॅसेट देऊन नमुना बघा. साडी हिरवी आली, की मग बाकीच्या द्या. मूळ कॅसेट मात्र सगळ्या मोजून परत आणा.