'रेव्हरंड' कुणी लावावं?

अहिल्यानगर आणि आसपासच्या गावांत प्रार्थनासभांचे फ्लेक्स लागतात. त्यांवर हल्ली दर दुसऱ्या नावाआधी 'रेव्ह. डॉ.' छापलेलं असतं. दीक्षा कुणी दिली, मंडळी कुठली, याचा पत्ता नसतो. मी पाळकाची मुलगी. आमच्या मंडळीची विवाह नोंदवही मीच सांभाळते. मला हे फार खटकतं.

मराठी माणसाला रेव्हरंड म्हटलं की ना. वा. टिळक आठवतात. लोकमान्यांहून वेगळे ओळखू यावेत म्हणून ही उपाधी त्यांच्या नावाचाच भाग झाली. पण टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि पाळकपदाची दीक्षा १९०४ ची. मधल्या काळात ते नगरला शिकवत होते, उपदेश करत होते, भजनं लिहीत होते. एवढा मोठा कवी, तरी तोवर रेव्हरंड नव्हता. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. पगार थांबला, उपाधी राहिली, कारण ती पगारासोबत आलेली नव्हती.

आमच्याकडे आजही रीत तीच आहे. आधी सेमिनरीचं शिक्षण, मग एखाद्या मंडळीत उमेदवारी, आणि शेवटी जमलेल्या लोकांच्या संमतीने बिशप व इतर पाळक डोक्यावर हात ठेवतात. त्या दिवसापासून आजाऱ्याच्या उशाशी बसणं, मयताला जाणं, भांडणं मिटवणं हे सगळं त्या माणसाच्या अंगावर येतं. माझ्या वडिलांना अख्खं गाव 'पाळकसाहेब' म्हणायचं, पत्रांवर लोक 'रेव्ह.' लिहायचे. ते स्वतः सही करताना मात्र नुसतं नाव लिहीत. हा मान दुसऱ्याने द्यायचा असतो, असं ते आम्हा भावंडांना सांगत. येशूनेही शिष्यांना गुरुजी म्हणवून घेण्याच्या हौसेपासून सावध केलं होतं.

कायद्याने हे आवरता येईल असं मला वाटत नाही. इंग्लंडमध्ये लिंकनशायरच्या ओस्टन फेरी गावात एका मेथडिस्ट पाळकाला मुलीच्या थडग्यावर आपल्या नावाआधी 'रेव्हरंड' कोरायचं होतं. तिथल्या अँग्लिकन व्हिकरने नकार दिला. वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८७६ मध्ये पाळकाच्या बाजूने निकाल लागला. ही उपाधी कुणा एका चर्चच्या मालकीची नाही, असं ठरलं. मला तो निकाल योग्य वाटतो. त्या बापाच्या मागे त्याची मंडळी उभी होती. फ्लेक्सवरच्या कित्येकांमागे कुणीच नसतं.

आणि नुकसान सोसतात साधी माणसं. मागे एक जोडपं माझ्याकडे दाखल्यासाठी आलं. पत्रिकेवर लग्न लावणाऱ्याच्या नावाआधी ठळक 'रेव्ह.' होतं. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा उपाधी विचारत नाही, तो रीतसर दीक्षा किंवा सरकारी परवाना विचारतो. त्या गृहस्थांकडे दोन्ही नव्हतं, नोंदवहीही नव्हती. मुलीचं पासपोर्टचं काम अडलं होतं. तिच्या आईचा चेहरा बघवत नव्हता.

म्हणून लग्न ठरवताना पाळकाला सरळ विचारा, दीक्षा कुठे झाली, नोंदवही कुठे आहे. खऱ्या पाळकाला या प्रश्नाचा राग येत नाही. पत्रकारांनीही बातमी लिहिण्याआधी तेवढी विचारणा करावी. सरसकट सगळ्यांना 'फादर' करू नये. फादर हे कॅथलिक धर्मगुरूंचं संबोधन आहे, जसे २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. साल्व्हेशन आर्मीत कॅप्टन, मेजर असतात.

जिथे ही उपाधी हक्काची आहे तिथे मात्र ती गाळली जाते, याचं मला जास्त दुःख आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा मिळते. त्यांनी तेच शिक्षण घेतलेलं असतं, त्यांच्या डोक्यावर तेच हात ठेवलेले असतात. तरी गेल्या नाताळच्या एका कार्यक्रमपत्रिकेत पुरुष पाळकांना 'रेव्ह.' आणि त्यांच्याच ओळीत बसणाऱ्या पाळकबाईंना 'सौ.' छापलं होतं. छापणाऱ्यांना मी फोन केला. ते म्हणाले, बाईंनी काही हरकत घेतली नाही. बाई कशाला घेतील? हरकत मंडळीने घ्यायची असते.