खैर आमचा, मग कात सरकारचा कसा?



स्वतःच्या बांधावर राखलेल्या खैराचा कात घरच्या चुलीवर काढला, तर तो माल कोणाचा? भारतीय वन अधिनियम १९२७ चे कलम २(४) उघडून पाहा. कात आणि हिरडा तिथे नावानिशी 'वनोपज' आहेत, मग तो माल जंगलातला असो वा नसो! वर कलम ६९ सांगते की वाद निघाला तर उलट शाबीत होईपर्यंत वनोपज सरकारचे समजावे. म्हणजे आपण चोर नाही हे आपणच सिद्ध करायचे. इंग्रज गेला, त्याचा पहारेकरी मात्र आमच्या बांधावर उभाच आहे.

या मालाची किंमत समजून घेऊ. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळायचे, काढा गाळून आटवायचा. थंड झाला की कात खाली बसतो. तो पानात आणि औषधात जातो. उरलेल्या पाण्यात टॅनिन असते. तेही आटवले की कच मिळतो. कातडे कमावायला, कापड रंगवायला, तेलविहिरी खोदतानाच्या चिखलाचा पातळपणा राखायला तो लागतो. हिरड्याच्या फळातही हेच टॅनिन आहे. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांवरच कमावले जाते. नायलॉन येण्यापूर्वी सुती जाळी कुजू नयेत म्हणून सालीच्या काढ्यात भिजवत, हे कोपरीच्या खाडीकाठच्या कोळी बांधवांना आम्ही काय सांगावे?

कातकरी हे नावच मुळी कात करणाऱ्यांचे. ही विद्या ज्यांच्या हातात होती ते आज ठाणे-रायगडात उचल घेऊन वीटभट्टीवर राबतात. आणि खैराचा मालक? १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत खैर आहे. तोडीची परवानगी, मोजणी, वाहतूक पास, हे हेलपाटे कोण घालणार? म्हणून तो उभे झाड ठेकेदाराला मिळेल त्या भावाने देतो. झाड वाढवणाऱ्याला लाकडाचे पैसे, कात आणि कच विकणाऱ्याला नफा. लूट इथे आहे.

बंधने उठली तर खैर संपेल, असे साहेब लोक म्हणतात. बंधने असताना जंगलातला खैर चोरीला जायचा थांबला का? उलट रोप उगवले की पुढची कटकट नको म्हणून शेतकरीच ते उपटतो. ज्या झाडाचा दाम मिळतो ते झाड शेतकरी राखतो. २०१७ मध्ये याच कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला, शेतातला बांबू मोकळा झाला. वनहक्क कायदा २००६ ने जंगलातल्या हिरड्यासारख्या गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मानली. मग सातबाऱ्यावरच्या खैराने काय पाप केले?

आमच्या मागण्या :

१. खासगी जमिनीतील झाडांचा कात व हिरडा कलम २(४) मधून वगळा.

२. खैरतोडीच्या अर्जाला मुदत ठरवा. मुदतीत उत्तर नाही तर परवानगी मिळाली असे समजा.

३. गावात सहकारी कातभट्टीला परवाना द्या आणि त्यात कातकऱ्यांना मजूर नव्हे, भागीदार करा.

तोवर एक काम आजच करा. बांधावरचे खैर मोजा, तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन सातबाऱ्यावर नोंद घ्या, पोच जपून ठेवा. कायदा पुरावा मागतो ना? पुरावा तयार ठेवून लढायला उतरू.